फक्त दीडशे मीटर

निघायच्या आधी मनगटावर बॉलपेनने १:३० लिहिलं. दीड वाजता जिथे असेन तिथून मागे फिरायचं, शिखर चार पावलांवर असलं तरी. कागदावर लिहिलं असतं तर तो कागद खिशातून बाहेर निघालाच नसता. मी मला ओळखते.

सात वर्षांपूर्वी आम्ही चौघी या शिखरासाठी आलो होतो. ढग उतरले, आणि मधोमध तडकलेल्या एका धोंड्यापाशी मैत्रीण म्हणाली, "बास, फिरा मागे." माझ्या घड्याळाप्रमाणे फक्त दीडशे मीटर चढ उरला होता. हे 'फक्त दीडशे मीटर' मी त्यानंतर किती जणांना ऐकवलं असेल, गणती नाही. तिच्याशी वर्षभर धड बोलले नव्हते, हेही सांगून टाकते.

म्हणून या वेळी एकटी. ताईला वाट, परतायची वेळ, सगळं लिहून दिलं.

"आणि पाय मुरगळला म्हणजे?"

"आठपर्यंत फोन नाही आला तर मदत पाठव."

"आठ वाजून एक मिनिटाने पाठवीन."

सॅकच्या छातीवरच्या बकललाच शिट्टी आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर गप्प, पुन्हा सहा. घोकत घोकत साडेसहाला चालायला लागले.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने केला होता. विल्यम नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक, नियम १८९२चा: ताशी साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. माझी वाट एकेरी ९ किलोमीटर, चढाई १२०० मीटर, म्हणजे पावणेचार तासांच्या आसपास. नेस्मिथसमोर माझे गुडघे नव्हते. मी पाच तास धरले.

झाडीतून बाहेर पडल्यावर पहिली चूक केली. पायवाट छान मळलेली होती, उतारही नव्हता, मी आपली स्वतःशी बडबडत चालले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की खुणेचे रचलेले दगड कधीचे दिसलेलेच नाहीत. ही वाट जनावरांची होती, त्यांना शिखराशी काय देणंघेणं? फिरून सोंडेवर येईपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. चौघी असतो तर कुणीतरी ओरडलं असतं. एकटं चालताना आपल्याच बडबडीला "हो ना, हो ना" म्हणणारी आपणच असतो.

बरोबर बाराला तो तडकलेला धोंडा आला. फटीत अजूनही तसंच पिवळं दगडफूल. हात टेकला, दम खाल्ला, घड्याळ बघितलं.

शिखर ३१० मीटर वर.

पुन्हा बघितलं. मग नकाशा काढून उंचीच्या रेषा बोटाने मोजल्या. तीनशेच्या वरच.

माझं घड्याळ हवेचा दाब मोजून उंची सांगतं. दाब एक मिलिबारने उतरला की उभ्या जागी आठ-नऊ मीटर चढल्याचं दाखवतं, आणि ढग येताना दाब बहुतेक उतरतोच. म्हणून पायथ्याला खरी उंची टाकून ते जुळवून घ्यायचं असतं. या वेळी घेतलं होतं. तेव्हा? तेव्हा ते नवंकोरं होतं, डब्यातून काढून थेट हातात. जुळवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

धोंड्यावर बसून एकटीच हसले. मग जरा वेळ हसले नाही.

वर सगळा घसारा. एक पाऊल टाकावं, अर्धं खाली यावं. पाऊण वाजता माथ्यावर पोचले आणि तो माथा नव्हताच, नुसतं नाकाड. खरं शिखर पलीकडे, मध्ये खिंडीसारखी खाच, म्हणजे आधी उतरायचं आणि मग चढायचं. मनगटाकडे बघितलं. घामाने शून्य पुसट झालं होतं आणि १:३० चं १:३ दिसत होतं. एक क्षण वाटलं, याचा अर्थ आपल्या सोयीने लावावा. नाही लावला.

एक अठराला वर पोचले. दगडांचा ढीग, वारा, आणि स्वच्छ हवा. पायथ्यापेक्षा वर आठेक अंशांनी तरी थंड असणार हे माहीत होतं (दर १००० मीटरला साडेसहा अंश असा सरासरी हिशेब), तरी बोटं इतकी आखडतील असं वाटलं नव्हतं. सात वर्षांच्या वाट बघण्याला मी बारा मिनिटं दिली. त्यातली पाच जॅकेटची चेन लावण्यात गेली.

उतरण्याबद्दल फार सांगत नाही. मांड्यांनी प्रत्येक पावलाला ब्रेक लावायचा आणि नंतर दोन दिवस जिना उलटा उतरायचा.

सहा चाळीसला ताईला फोन केला. मग मैत्रिणीला मेसेज टाकला: "आज धोंड्यापाशी उंची नीट मोजली. तेव्हा तीनशे मीटर उरले होते. तुझं बरोबर होतं."

लगेच उत्तर आलं: "माहितीये. नकाशा माझ्याकडे होता."