पोस्टडॉकसाठी यजमान संस्था निवडताना

ग्रहांच्या खगोलशास्त्रात पीएचडी संपवत आलेले मुंबईतले विद्यार्थी भेटतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, फेलोशिपची नावे आधी येतात. ती फेलोशिप जिथे राहून करायची, त्या यजमान संस्थेचे नाव बरेच नंतर येते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. फेलोशिप दोन-तीन वर्षांचे मानधन आणि आपल्या विषयावर काम करण्याची मोकळीक देते. पण त्या काळात हाती काय लागेल, हे संस्थेकडे कोणती उपकरणे आहेत, कोणत्या दुर्बिणीवर तिचा हक्काचा वेळ आहे आणि ती उपकरणे घडवणारी माणसे त्याच इमारतीत बसतात की नाही, यावर ठरते.

अमेरिकेतील हायसिंग-सायमन्स फाउंडेशनने २०१७ मध्ये सुरू केलेल्या फेलोशिपला दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या '५१ पेगासी बी' या ग्रहाचे नाव दिले आहे, आणि त्या ग्रहाच्या शोधाची हकिगत माझा मुद्दा पुरेसा स्पष्ट करते. मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ मध्ये हा ग्रह शोधला, तो फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतील १.९३ मीटरच्या दुर्बिणीतून. त्या काळातही ही दुर्बीण मोठ्यांत मोडत नव्हती. यश मिळवून दिले ते तिला जोडलेल्या 'एलोडी' या वर्णपटमापकाने (प्रकाशाचे रंग विलग करून मोजणाऱ्या उपकरणाने), ज्याच्या साहाय्याने ग्रहाच्या ओढीने डगमगणाऱ्या ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १३ मीटर इतक्या अचूकतेने मोजता येत होता. केलोझ तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. २०१९ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

नासाने २०१८ मध्ये हबल, आइनस्टाइन आणि सेगन या तीन फेलोशिप एका छत्राखाली आणल्या. त्यांतली सेगन ही बाह्यग्रह (सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह) आणि जीवसृष्टीच्या शोधाशी निगडित आहे. अर्जदार आपली यजमान संस्था स्वतः सुचवतो, मात्र ती अमेरिकेतीलच असावी लागते. इथे संस्थेचा लौकिक पाहून निवड करणारे पुष्कळ असतात, आणि मला ते पटत नाही. कॅलटेक किंवा कॅलिफोर्निया विद्यापीठाची निवड मी समजू शकतो, कारण हवाईतील केक वेधशाळेच्या १० मीटरच्या दोन्ही दुर्बिणींवर त्यांचा वाटा आहे. पण ज्याचे काम ग्रहांच्या वातावरणांच्या संगणकीय प्रारूपांवर आहे, त्याला हा वाटा काय कामाचा? युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची फेलोशिप जर्मनीतील गार्खिंग किंवा चिली येथे करता येते, आणि चिलीच्या फेलोला संशोधनाबरोबर वेधशाळेतील कामाचाही मोठा वाटा उचलावा लागतो. ज्याला उपकरणांत रस आहे त्याच्यासाठी ही मेजवानी आहे. ज्याला फक्त शोधनिबंध लिहायचे आहेत, त्याने दोनदा विचार करावा.

भारतातील संस्थांकडे आपले विद्यार्थी 'बाहेर नाही जमले तर' अशा नजरेने पाहतात, याची मला खंत वाटते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने माउंट अबूजवळ गुरुशिखरावरील १.२ मीटरच्या दुर्बिणीला 'पारस' हा वर्णपटमापक जोडला आणि त्याच्या बळावर २०१८ मध्ये पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरील एक बाह्यग्रह शोधला. आता तिथे २.५ मीटरची दुर्बीण आणि 'पारस-२' आहे. याच संस्थेने घडवलेल्या उपकरणाने २०२३ मध्ये 'प्रज्ञान' रोव्हरवरून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशातील मातीचे घटक तपासले. दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह आणि जवळच्या चंद्राची माती या दोन्हींवर काम करणारी माणसे एकाच संस्थेत भेटणे ही तरुण संशोधकासाठी मोठी सोय आहे.

आपल्या कुलाब्याची गोष्टही अशीच आहे. मुंबईच्या आकाशात तारे मोजून सापडतात, आणि बरे आकाश पाहायला हौशी मंडळी अजूनही वांगणी गाठतात. तरीही इथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने नैनितालच्या एरीज या खगोलशास्त्र संस्थेबरोबर देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीसाठी 'टॅन्स्पेक' हा अवरक्त वर्णपटमापक उभारला. इथे पोस्टडॉकला 'व्हिजिटिंग फेलो' म्हणतात. याच संस्थेच्या पुण्यातील केंद्राकडे खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, आणि बाह्यग्रहांच्या रेडिओ उत्सर्जनाचा शोध तिच्यावरूनही घेतला गेला आहे. पुढे स्वतःचा गट बांधायचा असेल तर इन्स्पायर फॅकल्टी ही केंद्र सरकारची पाच वर्षांची योजना आहे. तिच्यातही यजमान संस्थेची संमती लागतेच.

आईवडिलांचा प्रश्न बहुधा एकच असतो: हे संपल्यावर कायमची नोकरी मिळेल का? हमी कोणतीही फेलोशिप देत नाही, हे त्यांना आधीच सांगून टाकलेले बरे.

अर्ज करणाऱ्याने मात्र संभाव्य मार्गदर्शकाला पहिल्याच पत्रात दुर्बिणीच्या वेळेविषयी आणि आपल्याला हवी असलेली विदा (डेटा) कोणाच्या ताब्यात आहे याविषयी थेट विचारावे. परदेशातील बहुतेक मुदती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात आणि संस्थेचे संमतीपत्र मिळायला वेळ लागतो, त्यामुळे हा पत्रव्यवहार गणपतीच्या आधीच सुरू झालेला असावा.