आत्याच्या फाइलीत नसलेली आत्या

आत्या गेली तेव्हा घरात तिच्याविषयीचे कागद भरपूर होते, पण तिच्याविषयी बोलायला कुणी धजत नव्हतं. भेटायला येणारा जो तो "सुटली बिचारी" म्हणायचा आणि चहा घेऊन निघायचा. ६१ वर्षांची होती. त्यातली ३९ वर्षं तिने स्किझोफ्रेनियात काढली. पेपरात द्यायच्या निधनवार्तेत "अल्पशा आजाराने" असं लिहायचं ठरत होतं, ते मला सहन झालं नाही. शेवटी आजाराचा उल्लेख न करताच बातमी दिली गेली. मी तेव्हाच ठरवलं, की वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा तिच्याविषयी दोन पानं लिहून वाचून दाखवायची, आणि त्यात आजाराचं नाव असेल.

लिहायला बसलो तर हाताशी होती ती फाइल. ती मीच तयार केली होती. आजोबा पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांच्या मागे आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं, त्यावर दोघींचं भागायचं. २०१६ मध्ये आजी गेली आणि ते बंद झालं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत एक तरतूद आहे: मनोविकारामुळे किंवा अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला हे वेतन हयातभर मिळू शकतं. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला लागतो. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी ही तरतूद आई-वडील हयात असतानाच समजून घ्यावी, कागद तेव्हाच जमवून ठेवावेत. मागाहून सगळं फार जड जातं.

मानसिक आजाराचं अपंगत्व आपल्याकडे 'आयडियाज' नावाच्या मापनपद्धतीने मोजतात. चार गोष्टी विचारतात: स्वतःची काळजी घेता येते का, माणसांशी संबंध कसे आहेत, बोलणं आणि समजणं कसं आहे, काम करता येतं का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे वेगळे. एकूण २० पैकी सात किंवा जास्त झाले की ४० टक्के अपंगत्व धरतात. जितकं जमत नाही तितके गुण जास्त. दाखला देणाऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळासमोर आत्या माझ्या शेजारी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, गोळ्यांमुळे बोटं सारखी थरथरत होती. आणि मी तिच्यादेखत सांगत होतो: आठवण केल्याशिवाय अंघोळ करत नाही. शेजारपाजारी बोलत नाही. मध्येच स्वतःशी बोलते. अन्नात विष आहे असा संशय येतो. बाहेर पडल्यावर जिन्यात ती म्हणाली, "सगळं बरोबर सांगितलंस हं." तिच्या स्वरात राग नव्हता. मला मात्र बाबांच्या स्कूटरपर्यंत चालणं कठीण झालं.

पुढची अडचण बँकेची. त्यांना पालकत्वाचा दाखला हवा होता. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्यात समिती असते, ती पालक नेमते. मानसिक आजार त्या कायद्यात बसत नाही. जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयातून जायची वाट होती, २०१७ च्या नव्या कायद्यात ती राहिली नाही. आम्ही या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलो. शेवटी ओळखीच्या एका वकीलबाईंनी दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम १३ काढून दाखवलं: दिव्यांग माणसाला स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं, तिला सही येते, कशावर करतोय ते कळतं, मग पालक कशाला? आत्याने फॉर्मवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी पूर्ण सही केली. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला ती नवी साडी नेसून जायची.

आजाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आवाज ऐकू यायला लागले. आधी नरसोबाच्या वाडीला नेलं, मग शॉक, मग मान आणि जबडा ताठ करणारी इंजेक्शनं. पुढे क्लोझापिन सुरू झालं आणि ती पुष्कळशी आमच्यात परत आली. या गोळीने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, नंतरही तपासणी सुटत नाही. वजन वाढलं, साखर वाढली. शेवटी छातीत दुखतंय म्हणाली, तेव्हा एका दवाखान्यात फाइल चाळून "यांना भास होतात ना?" असं विचारलं गेलं आणि ईसीजी काढायला उशीर झाला. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली बरीचशी हृदयविकार, मधुमेह अशा शरीराच्या आजारांनी जातात. याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जावा असं वाटतही नाही.

तर ती दोन पानं. पुष्कळ दिवस काही सुचेना. मग मी मंडळाचे तेच चार प्रश्न घेतले आणि गुणांचा विचार सोडून उत्तरं लिहायला लागलो.

विषाच्या संशयापाशी थांबलो. मी लहान असताना आत्या माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खायची. थोडा वेळ तोंडाकडे हात धरून बसायची आणि मग ताट माझ्याकडे सरकवायची. वरणभात निवून जायचा. आजी ओरडायची, पोराला उष्टं देऊ नकोस. डॉक्टरांच्या कागदावर ते लक्षण म्हणून नोंदलेलं आहे आणि ते लक्षण होतंच. पण तिच्या लेखी त्या भातात खरोखर विष होतं, आणि तो घास ती आधी स्वतःच्या पोटात घालत होती. दिवसातून दोनदा, कित्येक वर्षं. यातला आजार कुठे संपतो आणि माया कुठे सुरू होते, हे मला वेगळं काढता आलं नाही. मी तसंच लिहिलं.

दहावीच्या वर्षी तिने मला रसायनशास्त्र शिकवलं. समीकरण संतुलित करता करता मध्येच मान वळवून हळू आवाजात म्हणायची, "थांबा जरा, पोराचा अभ्यास चाललाय," आणि पुन्हा वहीत डोकं घालायची. कामाच्या रकान्यात मी मंडळाला "काही नाही" म्हणालो होतो. शिकवणीची फी नव्हती, तेव्हा कायद्याने ते उत्तर चूक नव्हतं. पानात मी लिहिलं: शिक्षिका.

वाचायच्या आधी चुलतभावाने मला बाजूला घेतलं. त्याच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. "आजाराचं नाव घेऊ नकोस, बाहेर जाईल." त्याची काळजी खोटी नाही, जवळच्या नात्यात हा आजार असला तर धोका थोडा वाढतो. वहिनी म्हणाली, आपण लपवलं आणि उद्या पोरीला काही झालं तर ती कुणाला सांगेल? मी नावासकट वाचलं. कराडचे मामाआजोबा, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले की कॉलेजात असताना ती त्यांच्या सायकलवरून एकटी कृष्णाकाठी जायची. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पुढे वहिनीने पहिल्याच भेटीत स्थळाकडच्यांना आत्याविषयी सांगितलं. एका घरून नंतर फोन आला नाही. दुसऱ्या घरी मुलाच्या आईने दार लोटून घेतलं आणि विचारलं, "रक्त कुठे तपासत होतात? आमच्या दिरांना तीच गोळी चालू आहे." त्या दिवशी पत्रिकेचा विषय निघालाच नाही. त्यांचे सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वय ८०. निवृत्तिवेतनाच्या कागदात धाकट्या मुलाचं नाव आहे का, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना फाइलीची झेरॉक्स नेऊन दिली, आणि त्यांनी मागितली म्हणून ती दोन पानंही.