न्याहारीनंतरचा आकडा

सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी तपासलेली माझी साखर १५२ आली. मर्यादा १४० ची असल्यामुळे गर्भावस्थेतील मधुमेहाचे निदान झाले आणि घाबरून मी त्याच दिवसापासून जेवण निम्म्यावर आणले. ती माझी चूक होती. भुकेने जीव कासावीस होई, आणि तरीही बशीभर कांदेपोहे खाऊन तासाभराने बोट टोचले की ग्लुकोमीटर १६८ दाखवी. तो आकडा १४० च्या आत हवा होता.

वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे गरोदरपणात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि सकाळी तो सहसा आणखी कमी असतो, हे आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले, तेव्हा नेमकी न्याहारीच का नडते ते उमगले. त्यांनी पोह्यांच्या जागी मुगाची दोन धिरडी, वाटीभर दही आणि एक उकडलेले अंडे सांगितले. पोट पूर्ण भरले आणि तासाभराने आकडा १२९ होता. प्रथिनांमुळे जठर सावकाश रिकामे होते, इन्सुलिन स्रवण्यास चालना मिळते आणि ताटातील पिष्टाची जागाही आपोआप घटते.

प्रश्न उरला प्रमाणाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत त्यात साडेनऊ ग्रॅमची आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅमची भर घालावी लागते. वरणभात रोज खाते म्हणजे प्रथिने मिळतातच, असे मी मानत आले होते. प्रत्यक्षात वाटीभर पातळ वरणातून चार-पाच ग्रॅमच मिळतात, एका अंड्यातून साधारण सहा. शिवाय कोरड्या डाळीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचा असतो, त्यामुळे मटकीची उसळ घेतली की भाकरी अर्धी करावी लागे. पनीर आणि मासे यांच्या बाबतीत असा हिशेब नव्हता. सासूबाईंनी मायेने केलेले डिंकाचे लाडू मात्र मी बाळंतपणानंतरसाठी ठेवायला सांगितले, आणि ते सांगताना मला फार जड गेले.

प्रथिनांची पावडर घेण्याचा विचार मनात आला होता. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला, कारण गरोदरपणात अतिप्रथिनयुक्त पूरक आहार दिल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढू शकतो, असे अभ्यासांत आढळले आहे.

जेवणानंतरचे आकडे अशा रीतीने आवाक्यात आले, परंतु उपाशीपोटीची साखर ९५ च्या खाली काही उतरली नाही. रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असते आणि तिच्यावर सकाळच्या धिरड्यांचा इलाज चालत नाही. चौतिसाव्या आठवड्यात झोपण्यापूर्वीचे इन्सुलिन सुरू झाले. त्या रात्री मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मूग वाटायला घेतले.