तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळी गात का नाही?

शरणपूर असो, नाशिकरोड असो की देवळाली, कुठल्याही मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायातल्या, तरुणांशी बोलणं झालं की हा प्रश्न येतोच. "आमच्याकडे गाणारे आहेत, कीबोर्ड-गिटार आहे, साउंडही बरा आहे. पण उपासनेत समोरचे लोक गात नाहीत. टीम कशी सुधारायची?"

आधी पट्टी तपासा, म्हणजे गीताचा 'सा' कुठल्या स्वरावर धरलाय ते. लोक गप्प होण्याचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

गीताची पट्टी लीड गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरते आणि घात होतो. मंडळी म्हणजे न शिकलेले शंभर गळे. ते वर पांढरी दोनपर्यंत सहज जातात, एखाद्या जागी पांढरी तीनही चालते. (हार्मोनियमवर पांढरी एक म्हणजे C, पांढरी दोन म्हणजे D, असं पुढे मोजायचं; काळ्याही तशाच, काळी एक म्हणजे C शार्प.) खाली पांढरी सहा ओलांडली की शब्द ऐकूच येत नाहीत. पुरुष तेच स्वर एक सप्तक खाली गातात, म्हणून नियम दोघांना एकच. आधी गीताचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर शोधा, मग पट्टी ठरवा. मध्य सा ते तार (वरच्या सप्तकातला) रे असं गीत असेल तर पांढरी एक घ्या. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम, म्हणजे प, ते मध्य पंचम एवढंच फिरणारं गीत मात्र त्या पट्टीत फार खाली जाईल. ते पांढरी पाचमध्ये घ्या, म्हणजे वरचा पंचम बरोबर पांढरी दोनवर येतो. गीत मध्य सा पासून तार गंधारापर्यंत (ग) जात असेल तर काळी पाच. ध्रुवपदाला बायका अचानक खालच्या सप्तकात उतरल्या आणि पुरुषांचे नुसते ओठ हलू लागले, तर पट्टी एक स्वर उतरवायची वेळ झाली. शनिवारी संध्याकाळी मोकळ्या गळ्याने ठरवलेली पट्टी डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी चढीच वाटते, त्यामुळे थंडीत अर्धा स्वर आधीच खाली धरा.

तबला असेल तर गीतांचा क्रमही पट्टी पाहूनच लावावा. दर गीताला हातोडी घेऊन तबल्याचे गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकत बसलं की उपासनेचा धागा तुटतो. तबला पांढरी एकमध्ये लावलाय आणि पुढचं गीत पांढरी चारमध्ये आहे, तर लावलेला स्वर त्या गीताचा पंचम होतो. हात लावायची गरज नाही. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि स्वर उतरतो, कोरड्या थंडीत चढतो. तबलजींनी अर्धा-पाऊण तास आधी यावं, ते यासाठी.

हार्मोनियमचे स्वर जागेवर बदलता येत नाहीत. म्हणून कीबोर्डचं ट्यूनिंग तिच्याशी जुळवा, गिटारही तिच्यावरूनच लावा, मोबाइलच्या ट्यूनरवरून नाही. कीबोर्डचं पट्टी बदलणारं ट्रान्सपोज बटण गेल्या रविवारपासून दोन स्वरांवर राहिलेलं असतं, गिटारवाल्याने कॅपो (पट्टी चढवणारा चिमटा) लावलेला असतो, आणि पहिल्याच ओळीला दोघं वेगवेगळ्या गावी पोचतात. प्रार्थना सुरू होण्याआधी ट्रान्सपोज शून्यावर आहे का, हे पाहण्याचं काम एका माणसाकडे नावानिशी द्या.

आणि सगळ्यांनी सगळं वाजवू नका. हार्मोनियम चाल धरत असेल तर कीबोर्डने फक्त कॉर्ड धरावेत. बेस गिटार असेल तर कीबोर्डचा डावा हात मांडीवर. दोन कडव्यांमध्ये लोकांना श्वास घ्यायला जागा लागते, ती ड्रमच्या रोलने भरू नका.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्तभक्ती ओवी-अभंगाच्या घाटात आणली. त्यांची कित्येक पदं आपण आजही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून गातो. ही भजनं लयीवर जगतात. धुमाळी किंवा केरवा या ठेक्यांत लय थोडी चढणं स्वाभाविक आहे, पण शब्द तोंडात मावेनासे झाले की ज्येष्ठ मंडळी टाळी वाजवत राहतात आणि गाणं सोडतात. सरावात पहिलं आणि शेवटचं कडवं मेट्रोनोमवर (लय मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. फरक किती पडला ते आकड्यात दिसतं. इंग्रजी चालींवरच्या जुन्या गीतांचं दुखणं वेगळं. तिथे मराठी शब्दाचं दीर्घ अक्षर कधीकधी आखूड स्वरावर येतं. वाद्यांशिवाय सगळ्यांनी एकदा नुसते शब्द वाचायचे, मग ठेक्यात म्हणायचे, मग गायचे. दीड तासाच्या सरावातली पहिली वीस मिनिटं यावर गेली तरी ती वाया जात नाहीत.

नवं गीत महिन्याला एकच घ्या. पहिल्या रविवारी दानार्पणाच्या वेळी टीमने गाऊन ऐकवायचं, पुढचे तीन रविवार तेच मंडळीकडून गाऊन घ्यायचं. बायबलमधल्या स्तोत्र 33:3 मध्ये नवं गीत गायलाही सांगितलंय आणि कुशलतेने वाजवायलाही. पाठ न झालेलं गीत स्टेजवर आणू नये, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर पुढच्या ओळी आधीच्या ओळीचे शेवटचे दोन शब्द उरले असतानाच दिसायला हव्यात. जुनं गीत असेल तर क्रमांकही सांगा. कितीतरी आजी पुस्तकातूनच गातात.

साउंडबद्दल थोडंच. नेहमीच्या गायनाच्या माइकला मागून कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीमागे, गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवा. माइकची जाळी मुठीत धरली की तो चहूकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी येते. दगडी, उंच छताच्या चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे इको बंद ठेवा. आठ गाणारे असले तरी मोठ्या आवाजाचे माइक दोनच ठेवा, बाकीच्यांचा आवाज मागून यावा.

माणसांचा भाग सर्वांत नाजूक. एखाद्या काकांचा स्वर हलतो, तर सरावात सगळ्यांसमोर टोकू नका. पाळकसाहेबांना आधी सांगा, मग काकांशी घरी जाऊन बोला, आणि त्यांना माइकपासून दूर पण कोरसमध्ये जागा द्या. वर्षानुवर्षं सेवा केलेल्या माणसाला तेवढा मान मिळायलाच हवा. प्रत्येक वाद्यामागे दोघं तयार असू द्यात. शिकणाऱ्याने आठ रविवार नुसतं शेजारी बसून वही भरायची: पट्टी, ठेका, कुठे थांबलो. नवव्या रविवारी दानार्पणाचं गीत त्याचं. तेव्हा मुख्य वादकाने पहिल्या बाकावर मंडळीत बसून गावं. तिथून पट्टी चढी वाटते की बरोबर, हेही त्यालाच कळेल, आणि सोमवारी तो सांगू शकेल.