डागडुजीतून देखणी झालेली सत्तावन्नची बेल एअर

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरची एक छोटी प्रतिकृती आहे. मागच्या टोकदार पंखांमुळे ही मोटार कुणीतरी कोऱ्या कागदावर मोकळ्या हाताने रेखाटली असावी, असे मला बरीच वर्षे वाटत होते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीला त्या वर्षी संपूर्ण नवी गाडी हवी होती. पण ती वेळेत तयार होईना, म्हणून १९५५ सालचाच सांगाडा आणखी एक हंगाम चालवून घेण्याचे ठरले.

जुनेपण लपवण्यासाठी केलेल्या खटपटीतच या गाडीचे रूप दडलेले आहे. पंधरा इंची चाकांऐवजी चौदा इंची चाके आल्याने गाडी जमिनीलगत बसल्यासारखी दिसू लागली. आत हवा घेणाऱ्या नळ्यांची तोंडे दिव्यांच्या वरच्या बाजूला नेल्यामुळे दिव्यांभोवती क्रोमची ती जाडजूड खोबण तयार झाली; आज जिला आपण सौंदर्य म्हणतो, ती मुळात हवेची सोय होती. पेट्रोल भरण्याचे झाकण तर डाव्या पंखाच्या मागच्या क्रोमच्या पट्टीआड इतके बेमालूम लपवले आहे की, अनोळखी माणूस ते शोधत गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालील. मला विचाराल तर साऱ्या गाडीतली सर्वांत खोडकर कल्पना हीच.

इंजिनात मात्र नुसता देखावा नव्हता. १९५५ साली २६५ घनइंच क्षमतेचे असलेले व्ही-आठ इंजिन (इंग्रजी व्हीच्या आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) आता २८३ घनइंचांचे झाले होते, आणि इंधन फवारणीच्या यंत्रणेसह त्याची सर्वांत तगडी आवृत्ती २८३ अश्वशक्ती देत असे, म्हणजे घनइंचाला बरोबर एक. ही महागडी यंत्रणा फार थोड्यांनी घेतली; अनेक ग्राहक साध्या सहा सिलिंडरांवरच समाधानी होते.

एवढे करूनही त्या वर्षीच्या मॉडेलांच्या उत्पादनात नव्या अंगाच्या फोर्डने शेव्हरोलेला मागे टाकले. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सला हवी होती तशी संपूर्ण नवी, अधिक लांबरुंद शेव्हरोले अखेर बाजारात आली. तिचा साचा एकाच वर्षात मोडीत निघाला.