पूर्वा भाद्रपदाच्या शेजारी

आश्विन वद्य दशमी, देवगड

जूननंतर आज पहिल्यांदा दुर्बीण बाहेर काढली. तांदळाच्या डब्यात ठेवली होती, तरी भिंगाच्या कडेला बुरशी आलीच. चंद्र उशिरा उगवणार, वारा पडलेला. पश्चिमेला तेवढा एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्या बोटींचा झगझगाट. त्यांच्या नावाने बोटं मोडून झाल्यावर खळ्यात आरामखुर्ची टाकली आणि सरळ माथ्यावर पाहिलं.

पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे जोडले, की त्या रेषेच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला एक मिणमिणता ठिपका सापडतो. ५१ पेगासी. पन्नासेक प्रकाशवर्षं लांब. याच्याभोवती एक ग्रह फिरतो, आणि तो कसा सापडला हीच मजा आहे.

तो शोधणारे स्विस खगोलशास्त्रज्ञ मिशेल मेयॉर यांनी उमेदीची कितीतरी वर्षं ताऱ्यांचे वेग मोजण्यात घालवली, तीही मुख्यतः जोडताऱ्यांसाठी. ग्रह हा विषय नंतर आला. ग्रह दिसत नाहीच. त्याच्या ओढीने तारा जरासा डुलतो, तेवढंच त्याच्या प्रकाशातून मोजायचं. शेजारच्या खलाशीकाकांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय? काळोखात कंदील हललो म्हंजे होडयेत कोणतरी उठलो." मी अर्धा तास घालवला होता समजवायला!

हा तारा सेकंदाला साठेक मीटर वेगाने पुढे-मागे होत होता. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. आमची तुतारी एक्स्प्रेस इतकी कधी पळाली नाही, पण ताऱ्याच्या मानाने हे काहीच नव्हे. मेयॉर यांचा विद्यार्थी दिदिए केलो याला आधी वाटलं, आपलं यंत्रच बिघडलं. वाटणारच. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह ताऱ्याला चार दिवसांत फेरी मारतो, असं आकडे सांगत होते. आपल्या गुरूला बारा वर्षं लागतात.

मला खरं आवडतं ते पुढचं. १९९५ च्या वसंतात तारा सूर्याच्या बाजूला गेला. बघायची सोयच नाही. मेयॉर हवाईत होते, केलो स्वित्झर्लंडमध्ये आकडे घोटत. जुलैत तारा कुठल्या रात्री किती वेगाने सरकलेला असेल, हे दोघांनी आधी मांडून ठेवलं आणि मग घरच्यांना घेऊन फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्सच्या वेधशाळेत गेले. रात्रीमागून रात्र आकडा जुळत गेला. केक कापला म्हणे. जगाला सांगितलं ते ऑक्टोबरात. नोबेल २०१९ मध्ये.

मला मात्र ते मधले महिने दिसतात. मृगापासून हस्तापर्यंत आम्हीही झाकलेल्या आभाळाखाली बसतो, पण आमच्या हातात कुठलं गणित नसतं, नुसती बुरशी.

ठिपका सापडला. डुलताना अर्थातच दिसला नाही. मान मात्र अवघडली.

आज दशमी. लक्ष्मीपूजनाआधी त्या ग्रहावरचं एक वर्ष सरेल. आमच्याकडे अजून चकलीची भाजणीही दळून आलेली नाही.