हुरड्याच्या आगटीशी पाच बिअर

पुण्याहून पाच बिअर घेऊन सोलापूरला निघालो होतो. वाटेत भिगवणला मासे खायला थांबलो, तिथंच घोटाळा झाला. चिलापी तळून येईपर्यंत पाऊण तास गेला आणि तेवढा वेळ गाडी उन्हात. जानेवारी महिना असला तरी बंद डिकीला ते कोण सांगणार? परत येऊन थर्माकोलचं खोकं उघडलं, तर बर्फाचं पाणी झालेलं आणि त्यात चार प्रकारचे कॅन हौदातल्या बदकांसारखे तरंगत होते. पाचवी बिअर दोन लिटरच्या तपकिरी काचेच्या बरणीत, म्हणजे ग्राउलरमध्ये होती. तिचं झाकण सैल करून बघितलं तर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. त्याच क्षणी कळलं, ही गेली. ग्राउलरमधली बिअर गाळलेली नसते, आत यीस्ट जिवंत असतं. ती गारच ठेवायची आणि एक-दोन दिवसांत संपवायची, हे मी जगाला सांगत फिरतो.

हा सगळा उपद्व्याप एका टोमण्यामुळं. गेली सहा वर्षं मी पुण्यातल्या क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांत थोडी थोडी बनवलेल्या बिअरची, वही ठेवतोय. वास, फेस, चव आणि गिळल्यावर मागं काय राहतं, असे चार रकाने, आणि दहापैकी गुण. सोलापूरचा माझा कॉलेजातला दोस्त ती वही चाळून म्हणाला होता, "हे गुण एसीत बसून दिल्यात बे. इकडं घेऊन ये, चटणीसंगं पिऊ, मग बघू तुझी नऊ मार्कांची कशी टिकती."

पुणेकरांना या बाबतीत जरा माज आहे, मान्य. २००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी ब्रुअरी, सुरू झाली आणि 'बिअर म्हणजे पिवळी आणि गार' या समजुतीला तडा गेला. गंमत म्हणजे डूलाली हा शब्द आपल्याच देवळालीवरून आलेला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे भ्रमिष्ट. पुढं मायक्रोब्रुअरी वाढल्या, आणि आता आम्ही 'याला लवंगेचा वास येतोय' असं गंभीर चेहऱ्यानं बोलतो.

सोलापुरात शिरल्यावर पहिलं काम बर्फ. सात रस्त्याच्या पुढं एका बिअर शॉपीत गेलो आणि जाता जाता विचारलं, क्राफ्ट काही आहे का? त्यानं माझ्याकडं पाहिलं, फ्रिजकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "स्ट्राँग की माइल्ड?" सोलापुरात बिअरची वर्गवारी इथंच सुरू होते आणि इथंच संपते. मी बर्फ घेतला. दुसरं काम चटणी. शेंगदाण्याची चटणी महाराष्ट्रात घरोघरी होते, पण सोलापूरची शेंगा चटणी उखळात इतकी कुटलेली असते की दाण्याचं तेल सुटून ती मुठीत दाबली तर लाडू वळावा. सोबत कडक भाकरी, कागदासारखी पातळ आणि महिनोन्महिने टिकणारी. चाखण्याच्या कार्यक्रमात दोन घोटांच्या मध्ये तोंड साफ करायला बेचव बिस्किटं ठेवतात. त्यापेक्षा कडक भाकरी कितीतरी सरस. हे एवढं वाक्य मी पुण्यात कुठंही बोलायला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी निघालो मंगळवेढ्याच्या बाजूला, दोस्ताच्या ओळखीतल्या एका अण्णांच्या रानात हुरड्याला. गाडी दोस्ताच्या धाकट्या भावानं घेतली. तो थेंबाला शिवत नाही, त्यामुळं दिवसभर त्याला सगळ्यांनी फार मान दिला. मागच्या सीटवर दोस्ताचे वडील. घरात तेलुगू बोलतात, दोस्त त्यांना नायना म्हणतो, मी काका. उभी हयात सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या मागांवर गेली. आताही टॉवेल हातात आला की नुसत्या अंगठ्यानं चाचपून सूत कितीचं आहे ते सांगतात. "मला फक्त हुरडा पायजे, तुमचं ते तुम्ही प्या," असं त्यांनी बेगमपूरचा पूल येईपर्यंत तीनदा बजावलं.

भीमा ओलांडली की जमीन काळीभोर होत जाते. मंगळवेढ्याची ज्वारी ती हीच. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती याच मंगळवेढ्यात, आणि इथल्या मालदांडी ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही आहे. अण्णांचं सगळं रान मालदांडीचं, फक्त बांधाच्या कडेनं चार ओळी सुरती जातीच्या ज्वारीच्या, खास हुरड्यासाठी. आगटी पेटलेली होती. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, वरचेवर फिरवायची, हिरव्या दाण्यावर तपकिरी ठिपके आले की काढून गरम गरम तळव्यावर चोळायची. अण्णांचे तळवे चामड्याचे असावेत. मी एक कणीस चोळलं आणि नंतर ग्लास धरताना गार काचेचं फार बरं वाटलं. फुंकर मारून कोंडा उडवला की हातात राहतो तो हिरवा, मऊ, दुधाळ दाणा. त्याचा वास घेतला आणि चमकलो. बिअरचं माल्ट भाजताना जो वास सुटतो, बिस्किटासारखा, किंचित गोड, त्याच्या सख्ख्या भावाचा हा वास. तिथं बार्लीला मोड आणून भट्टीत वाळवतात, इथं कोवळी ज्वारी गोवरीवर. धान्यातली साखर आणि आच, शेवटी खेळ तोच.

काचेचे ग्लास चारच होते, बाकीच्यांना स्टीलचे पेले. म्हणजे रंग बघायची सोय गेली.

पहिली काढली ती माझी अपघातग्रस्त गव्हाची, जर्मन पद्धतीची. हिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, दोन्हीपैकी काहीही न घालता. ती सगळी यीस्टची करामत. कोमट झाल्यामुळं वास उलट जास्तच येत होता, पण फेस शून्य. काकांनी लांबूनच नाक पुढं केलं. "केळी," म्हणाले, "सालीसकट." हिला गुण दिले नाहीत. दोष माझा होता, बिअरचा नव्हे.

मग माझी लाडकी आयपीए. वहीत नऊ गुण. इंडिया पेल एल, नावातच इंडिया. इंग्लंडहून जहाजानं इकडं पाठवायची, वाटेत नासू नये म्हणून हॉप्सची कडू फुलं जास्तीची, त्याचा तो कडूपणा. कैक महिन्यांचा समुद्र झेललेली ही जात माझ्या डिकीतून अडीचशे किलोमीटर सहज येणार, असा माझा हिशोब. आलीसुद्धा. संत्र्याच्या सालीचा वास, खडखडीत कडूपणा, सगळं जागच्या जागी. दोस्तानं भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली, तोंडात टाकली, वरून आयपीएचा घोट घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"काय बे हे? आगीवर रॉकेल ओतलास की!"

मी करून बघितलं. खरं होतं. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यानं होतो ते पाण्यात विरघळत नाही, बिअरमध्ये असतो तेवढ्याशा अल्कोहोलमध्येही नाही. त्यात बिअरचा वायू जिभेला टोचतो आणि कडूपणा वरून डागणी देतो. लसणासकट तो ठसका घशात चढला आणि आम्ही दोघं दह्याच्या वाडग्यावर तुटून पडलो. एसीत बसून खारे काजू खाताना ही बिअर नऊ गुणांची आहे, आजही म्हणेन. सोलापूरच्या चटणीपुढं तीन. दोस्त एक द्यायला निघाला होता, मी भांडून तीनवर आणलं.

तिसरी कोकमाची आंबट बिअर. हिला मी वहीत सहा दिले होते, आणि शेजारी लिहिलं होतं, 'सरबताच्या फार जवळ'. ही मुद्दाम आंबवतात. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या जातभाईंना आधी काम करू देतात, मग यीस्ट. चटणीसोबत घेतली तर जाळ चक्क निवला. आंबटानं तोंडाला पाणी सुटतं, दाण्याचं तेल धुऊन निघतं आणि पुढच्या घासाला जीभ तयार होते. दोस्त चार तुकडे खाऊन गेला तेव्हा कुठं त्याला बोलायची आठवण झाली. "ही चांगली हाय की."

काका बघत होते. आम्ही आग्रह केला नव्हता. त्यांनी स्वतःच पेला पुढं केला, "घोटभर." एक घोट घेऊन तोंडात फिरवला, आगटीकडं बघत बसले. दुसरा घेतला.

"ही दुपारची शिंदी," म्हणाले.

मग माणूस मोकळा झाला. त्यांचे आजोबा जुन्या मिलमध्ये, १८७७ साली निघालेली सोलापूरची ती पहिली मिल. भोंगा झाला की लहानग्या काकांच्या हातात तांब्या देऊन शिंदी आणायला पाठवायचे. वाटेत काका एक घोट मारायचे, आजोबांना ते माहीत असायचं. "पहाटे झाडावरनं उतरली की गोड, नुसती साखर. ऊन चढलं की फेस. दुपारी अशी, आंबट. संध्याकाळी प्यायची नाही, संध्याकाळी नुसती डोक्यात जाती." मडक्यात रस पडल्यापासून हवेतलं, मडक्यातलं यीस्ट कामाला लागतं आणि पाठोपाठ जिवाणू. कुणी काही घालत नाही. बेल्जियममध्ये बिअरचा रस उघड्या हौदात निववून अशीच रानटी आंबवणूक करतात आणि त्या बाटलीसाठी लोक भलतेच पैसे मोजतात. मी काकांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिकडं झाड असतंय का?" नसतं म्हणालो. "मग नुसत्या धान्याची? बरी जमलीय." शिंदी का सोडली, तर आता पावडर मिसळतात म्हणून. ती पावडर म्हणजे क्लोरल हायड्रेट, माणसं मरतात त्यानं. हे बोलताना त्यांनी पेला खाली ठेवला आणि थोड्या वेळानं परत उचलला.

कोकमवालीला मी नऊ दिले. सहावर काट मारताना हाताला हुरड्याची राख होती, वहीत ती अजून आहे.

चौथीची मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती. डब्यावर कणसाचं चित्र, आत ज्वारी घातलेली हलकी एल, म्हणजे बिअरचीच एक जात. अण्णांसाठी खास आणली होती. पुण्यात सात गुण दिले होते, त्यातले दोन तरी कणसाच्या चित्राचे असावेत. अण्णांनी डबा फिरवून फिरवून बघितला. "आमची मालदांडी घालत्यात का?"

नाही, आणि घालूही नये. मालदांडी भाकरीची. तिचा भाव बघता कोण तिला हौदात टाकेल? दारूसाठी खपते ती बहुतेक खरिपाची, पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी. शिवाय ज्वारीची बिअर सोपी नाही. बार्लीला मोड आले की तिच्यातल्या पिष्टाची साखर करणारी विकरं भरपूर तयार होतात, ज्वारीत ती कमी पडतात. तिचं पिष्ट शिजायलाही जास्त उष्णता लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी बार्लीच मुख्य, आणि ज्वारी नावापुरती. नायजेरियात १९८८ साली बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअऱ्यांनी ज्वारीवर बिअर करून दाखवली. म्हणजे निकड असली की जमतं. अण्णांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं, घोट घेतला, तोंड पुसलं.

"ह्यात ज्वारी कुठाय?"

मी परत प्यायलो. समोर आगटी, हातात कोवळा सुरती हुरडा, जिभेवर त्याची गोडी. त्यापुढं ती बिअर फिकी, कोरडी, कागदी लागली. काकांनाही दिली. त्यांनी चव घेतली आणि काही बोलले नाहीत.

पाचवी कॉफी घातलेली स्टाउट, म्हणजे काळी बिअर. उन्हं कलली होती. अण्णांच्या घरून शेंगपोळ्या आल्या होत्या, गूळ आणि भाजल्या दाण्याच्या, वर तूप. करपवलेल्या माल्टचा कडवटपणा आणि भाजलेला दाणा यांचं इतकं जमलं की कुणी गुणांचं नावच काढलं नाही. मी नंतर गाडीत बसून आठ लिहिले.

निघताना वही सापडेना. काका आगटीशेजारी बाजेवर बसून तीत काहीतरी लिहीत होते, माझ्याच पेनानं. मला दाखवली तेव्हा बिअरच्या नावांपुढं एकेक तेलुगू शब्द. मला ती लिपी येत नाही, आणि काका सांगायला तयार होईनात. "पुण्यात वाच."

पुण्याला पोचल्यावर पानाचा फोटो दोस्ताला पाठवला. रात्री अकराला त्याचा फोन. आधी भरपूर हसला. आयपीएपुढं लिहिलंय 'चेदु', म्हणजे कडू. कोकमापुढं 'पुल्लगा', आंबट, आणि त्याखाली दोन रेघा. स्टाउटपुढं काही नाही, तिथं तुपाचा डाग आहे.

"आणि ज्वारीच्या पुढं?"

"नीळ्ळु."

"म्हणजे काय बे?"

"पाणी."